पालीला भिणाऱ्या बाई

"मी पालीला भिते. आता तुम्ही सांगा, तुम्ही कशाला भिता?"

समोर कारखान्यातली मुलगी असो, मुकादम असो, नाहीतर रोजगार कचेरीतला मोठा साहेब असो, बाईंचा पहिला प्रश्न हाच. नावगाव नंतर, पगार त्याहून नंतर. समोरच्याला वाटायचं, थट्टा चाललीय. तो हसायचा आणि हसता हसता काहीतरी खरं बोलून जायचा.

थट्टा मात्र नव्हती. बाई पालीला खरोखरच भीत. बसवनगुडीत त्यांना राहायला दिलेल्या घराच्या दारावर एक लठ्ठ पाल मुक्कामाला होती. सकाळी मी पोचायची तेव्हा बाई पर्स छातीशी धरून अंगणात उभ्या असायच्या. "तिला जरा सांग गं," म्हणायच्या. मी चप्पल आपटायची, पाल दिवाळीतल्या पाहुण्यासारखी निवांत निघून जायची, मग आमचा दिवस सुरू. कुठल्याही खोलीत शिरताना बाई आधी खाली बघत, पाल पायावरून जाईल म्हणून. कोपरे, भिंतीचा पायथा, टेबलाचे पाय. देशोदेशीच्या मंत्र्यांसमोर बसून बोलणारी बाई, आणि चालायची अशी की जमिनीवर काहीतरी सांडलंय.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. मोठ्या पदाची, आणि एका फुटकळ भीतीमुळे आपल्यासारखी वाटणारी.

बाई परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत रोजगार-धोरणाच्या तज्ज्ञ होत्या. म्हणजे काय, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कुणाला काम मिळतं, कुणाचं जातं, कुठल्या नियमाने जातं, हे शोधायचं आणि सरकारला सांगायचं की हा नियम बदला. साठच्या दशकात बेंगळुरात कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते आणि बायका पहिल्यांदाच डबा घेऊन पाळीवर जायला लागल्या होत्या. त्यांच्यासाठी बाई आल्या होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, गळा मोकळा. लग्न झालं होतं की नव्हतं, कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी कामगार खात्यात स्टेनो होते. आमचं घराणं बेंगळुरात कैक पिढ्यांचं. घरात मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पुण्याचा पाहुणा आला की गालातल्या गालात हसतो. मला तिन्ही भाषा येतात म्हणून आमच्या साहेबांनी मला बाईंकडे दुभाषी म्हणून दिली, शेजारणीला विरजण द्यावं तशी. मी खूश होते. पण आधी कुठला कारखाना बघायचा ते कळलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुमकूर रस्त्याला तो कारखाना होता. रेडिओचे सुटे भाग करायचे. केसाएवढी बारीक तार गुंडाळायचं काम फक्त बायकांकडे. पगार चांगला, पण नियम असा की लग्न झालं की काम सुटलं. त्या काळी असे नियम बऱ्याच ठिकाणी होते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. तिथे माझी वहिनी कामाला होती.

वहिनीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. अण्णा, माझा थोरला भाऊ, क्षयाने आजारी पडून सॅनिटोरियममध्ये होता. माझ्या पगारात घर चालायचं, वहिनीच्या पगारात अण्णाचं औषधपाणी. तो पगार थांबला असता तर काय झालं असतं, हे आम्ही दोघी एकमेकींशीसुद्धा बोलत नव्हतो. रोज सकाळी वहिनी देवासमोर बसून मंगळसूत्र काढायची, जोडवी काढायची, रुमालात बांधून कमरेला खोचायची. नवरा तिकडे खाटेवर खोकतोय आणि आपण आपल्या हाताने सौभाग्य उतरवतोय, या विचाराने तिचे ओठ पांढरे पडायचे. "माझ्या हातून त्यांचं काही वाईट व्हायचं नाही ना गं?" असं ती मला विचारायची. मलाही तीच भीती होती.

आणि ती एकटी नव्हती. फाटकापाशी बसमधून उतरल्यावर पिंपळाआड कितीतरी जणी घाईघाईने वाकायच्या, हे वहिनीनेच मला सांगितलं होतं.

आता तिथेच बाई जाणार होत्या, एकेकीला समोर बसवून प्रश्न विचारणार होत्या. आणि त्यांच्याशेजारी मी. वहिनीने मला बजावलं, "तू मला ओळखत नाहीस. सरी?" मीही कन्नडमध्येच म्हटलं, "सरी," बरं.

कारखान्यात धूळ चालत नसे, म्हणून चपला बाहेर. आत सगळ्या अनवाणी. आम्हाला एक लहान खोली दिली, एक टेबल दिलं, आणि दाराशी खुर्ची टाकून कारखान्याचे कल्याण अधिकारी वर्तमानपत्र उघडून बसले. पहिली मुलगी आत आली. बाईंनी सवयीने खाली बघितलं, पाल आहे का म्हणून. पाल नव्हती. मुलीचे पाय होते. दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर फिकट, बारीक खाच.

जोडव्याची खाच बायकांना ओळखावी लागत नाही. मलाही त्याच क्षणी दिसली. बाईंची नजर तिथे थांबली, मग वर आली, मग पुन्हा पुढच्या मुलीच्या पायांवर गेली. दुसरी, तिसरी. कुणाकुणाच्या पायावर खाच नव्हती, पण बहुतेकींच्या होती. या बाई सगळं लिहून घेत. आता हेही लिहितील, या भीतीने मी कुणाचं भाषांतर काय केलं ते मला आठवत नाही.

निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या घरून एक मोठी चादर आण. टेबलावरून जमिनीपर्यंत पोचेल अशी."

दुसऱ्या दिवशी टेबलावर चादर पसरताना कल्याण अधिकाऱ्यांनी कारण विचारलं. "तुमच्या बेंगळूरचा गारवा माझ्या गुडघ्यांना सोसत नाही," बाई म्हणाल्या. मुलगी समोर बसली की तिचे पाय आता चादरीआड जात. मी बाईंकडे बघितलं. त्या पेन्सिलीला टोक करत होत्या.

म्हणजे त्यांना कळलं होतं. पण कळून काय करणार होत्या? चादर घातली म्हणून माझी भीती गेली नाही, उलट वाढली. चांगली माणसंसुद्धा आपलं काम चोख करतातच ना.

मुली बाईंना "प्रश्ने अक्का" म्हणायच्या, प्रश्नवाली अक्का. ती खोलीत आहे म्हटलं की बाहेरच्या रांगेत कुजबुज थांबायची. आत आल्यावर खुर्चीच्या कडेवर बसायच्या आणि भीतीचा प्रश्न आला की हमखास म्हणायच्या, "एनू इल्ला, अम्मा." काही नाही, आम्ही कशालाच भीत नाही. फारच खोदलं तर भूत, विंचू, मारीदेवीच्या जत्रेतला वाघ. एकीला मात्र पालीची गोष्ट फारच आवडली. ती खुदकन हसली आणि बोलून गेली, "मी सासूला!"

वर्तमानपत्र खाली आलं. मुलीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. बाईंना कन्नड येत नव्हतं, मला भाषांतर करावंच लागलं. बाई मोठ्याने हसल्या आणि अधिकाऱ्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "बघा, अजून स्थळसुद्धा आलं नाही आणि सासूची भीती! आपल्या मुली अशाच." अधिकारीही हसले. त्यांना दोन मुली होत्या, त्यांच्या गमती ते सांगत बसले. ती मुलगी तेवढ्यात उठून गेली.

मग वहिनीची पाळी आली.

ती माझ्याकडे न बघता बसली. मीही खिडकीकडे बघत बाईंचा प्रश्न कन्नडमध्ये सांगितला. वहिनीला खोटं बोलता येत नाही. भूत, विंचू तिला सुचलंच नाही. ती म्हणाली, "घरी माणूस आजारी आहे. त्याचं काही होईल, याला भिते."

"कोण आजारी आहे?" वर्तमानपत्रामागून कल्याण अधिकाऱ्यांनीच विचारलं.

वहिनीचा हात कमरेशी खोचलेल्या रुमालावर गेला. मग ती म्हणाली, "भाऊ."

ज्याच्यासाठी ती रोज देवाची माफी मागायची, त्या नवऱ्याला तिने भाऊ म्हटलं. मी बाईंना मराठीत सांगितलं, "भाऊ आजारी आहे म्हणते." माझ्यापुरतं ते खरंच होतं, तरी माझा आवाज फुटला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, आणि पेन्सिल खाली ठेवली. "त्यांना म्हणावं, बरा होईल तो. झालं, जा तुम्ही." त्या दिवशी वहिनी घरी आली ती न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. "मी काय बोलून बसले गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

शेवटच्या दिवशी व्यवस्थापकांनी बाईंना कॉफीला बोलावलं. शिकलेला, मृदू बोलणारा माणूस. त्यांच्या खोलीच्या काचेतून सगळी कामाची जागा दिसायची. वाकलेल्या माना, भरभर चालणारी बोटं. बाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. लग्नाचा नियम काढून टाका, म्हणाल्या.

"कसा काढू?" व्यवस्थापक म्हणाले. "आमचा माल देशात एक नंबर आहे, तो या मुलींच्या बोटांमुळे. डोक्यात संसार शिरला की बोट चुकतं. नियमामुळेच हे हात असे चालतात."

"हा तुमचा समज आहे."

"मग खोडून काढा. तुम्ही तज्ज्ञ आहात. मला एक लग्न झालेली बाई दाखवा जिचा हात असा चालतो. एक दाखवा, उद्या नियम काढतो. तुमच्या अहवालात तसं लिहा, माझी ना नाही."

बाई काचेकडे वळल्या. तिथे, नेमक्या समोरच्या बाकावर, वहिनी बसली होती. तिच्या शेजारी सासूवाली. बाईंच्या सगळ्या आयुष्याचं काम ज्या एका वाक्यासाठी अडलं होतं, ते वाक्य काचेपलीकडे अनवाणी बसलं होतं. बाईंनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मी हातातली बशी मांडीवर दाबून धरली. देवा, यांना बोलू देऊ नको. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

बाईंनी कॉफीचा घोट घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही दाखवता येत."

व्यवस्थापक हसले. दुष्टपणाने नाही, जिंकलेला माणूस हसतो तसे. त्यांनी बाईंना एक रेडिओ भेट देऊ केला. बाईंनी घेतला नाही.

गाडीत मी म्हटलं, "बाई, तुम्ही सांगितलं असतं तर..."

"तर नियम काढायच्या आधी त्याने त्यांना काढलं असतं. फसवलं म्हणून." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ती तुझी कोण?"

"वहिनी."

त्यांनी मान हलवली. "तिला सांगू नकोस मला कळलं होतं ते. कुणालाच नको. एका माणसाला कळलं, म्हणजे दुसऱ्यालाही कळेल, असं वाटलं की त्यांचे हात कापायला लागतील." मल्लेश्वरम गेलं, सँकी तलाव गेला. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला भीती वाटतेय. या बायकांचं काम वाचवलं, आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचं घालवलं की काय. कुणाला विचारू?"

पालीखेरीज दुसऱ्या कशालाही भिताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांचा हात धरला. गार होता.

बाईंच्या अहवालातून लग्नाच्या नियमाचा भाग वरच्यांनी गाळला, पुरावा नाही म्हणून. संस्थेने पुढे त्यांना हिंदुस्थानातलं काम दिलं नाही, असं आमच्या साहेबांकडून कळलं. मी दोनदा पत्र लिहिलं. एकाचं उत्तर आलं, छोटंसं, त्यात अण्णाची चौकशी होती. अण्णा बरा होऊन घरी आला तोवर वहिनी तिथेच तार गुंडाळत होती. तो नियम त्यानंतरही कितीतरी वर्षं होता. तेवढ्या काळात किती मुलींना हळदीच्या अंगाने राजीनामा द्यावा लागला असेल, आणि त्याचं ओझं बाईंनी कुठल्या देशात बसून वाहिलं असेल, याचा विचार मी आजही करते.

पण मला आठवतो तो त्या निघाल्या तो दिवस. सिटी स्टेशनवर मद्रासच्या गाडीत मी त्यांना बसवलं. डब्यात शिरताना त्यांनी आधी खाली बघितलं. गाडी गेल्यावर मी चालत घरी आले.

वहिनी माझ्या आधी आली होती. कितीतरी दिवसांनी तिने केसांत मोगरा माळला होता. गळ्यात मंगळसूत्र, पायांत जोडवी. देवापुढे दिवा लावलेला, वाटीत साखर.

"गेली ना ती बया?" तिने विचारलं. "नक्की गेली?"

"गेली."

"सुटलो गं बाई! सगळ्याजणींनी नवस बोलले होते. आज पाळी सुटल्यावर रडलो आम्ही, गळ्यात पडून." तिने माझा हात ओढून तळव्यावर साखर ठेवली. "देवाला सांग, तिला पुन्हा कधी इकडे आणू नको म्हणावं."

तिचा चेहरा इतका मोकळा मी लग्नाच्या दिवसानंतर पाहिला नव्हता. मी हात जोडले आणि साखर तोंडात टाकली.