पाचापैकी तीन

हिमस्खलनाचा धोका इथे पाच पायऱ्यांत सांगतात. त्या शनिवारी तिसरी पायरी होती. दोन दिवस वादळ झालं होतं आणि वाऱ्याने उडवलेला ताजा बर्फ डोंगरउतारांवर थापल्यासारखा बसला होता. म्युनिकहून निघण्याआधी मी ते बुलेटिन भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, वाचून दाखवलं.

“पाचापैकी तीन? आल्झो, म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास!” ते म्हणाले. ताई हसली. मीही हसलो.

मला हसायचं काही कारण नव्हतं. म्युनिकजवळच्या गार्चिंगला पीएचडी करताना मी हिमस्खलनाचा दोन दिवसांचा कोर्स केला होता. पाचव्या पायरीला लोक घरीच बसतात, तिसरीला मात्र बिनधास्त निघतात आणि अडकतात, असं तिथल्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं. मला ते पाठ होतं.

भाऊजी काही आडमुठे नव्हते. मी जर्मनीत आलो तेव्हा खोली मिळेपर्यंत तीन महिने त्यांच्याकडेच होतो. माझ्या आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीसाठी, त्यांनी ऑफिसातून सुट्टी काढली होती. पण ते आमच्या घरचे जावई. आमच्याकडे जावयाचा शब्द कोणी खाली पडू देत नाही, आणि मी तर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ते सॉफ्टवेअरमधले, स्नोशूज घालून वर्षातून दोनदा डोंगरात जायचे, तरी वाट तेच ठरवायचे.

ताई घरीच थांबली होती, आम्ही दोघेच निघालो. अकराच्या सुमाराला झाडी संपली. पुढे उघडा, चांगलाच तीव्र उतार होता. त्याच्या पलीकडे आम्हाला गाठायची होती ती गिर्यारोहकांची हट दिसत होती. कडेला उभा होतो, तेवढ्यात माझ्या पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला. बर्फाचा आतला कच्चा थर खचल्याचा तो आवाज. तो ऐकला की मागे फिरायचं, चर्चा करायची नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. झाडीतून वळसा घेतला तर तासभर जास्त लागला असता, बस.

“अहो भाऊजी, झाडीतून गेलो तर?”

“कशाला? समोर हट दिसतेय. तू पण ना, पक्का जर्मन झालायस. घाबरलास का?”

“नाही हो, तसं काही नाही.”

तसंच होतं. मी सरळ घाबरलो होतो, आणि आवाजाबद्दल एक अक्षर बोललो नाही. एवढंच म्हणालो की एका वेळी एकानेच जाऊ या. ते त्यांनी लगेच मान्य केलं. मग, घरी पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवतात त्याच सवयीने, मी म्हणालो, “तुम्ही पुढे व्हा.”

ते निम्म्यावर पोचले तेव्हा त्यांच्या वर बर्फाला एक लांबलचक चीर गेली. ते थांबले, वळून माझ्याकडे बघितलं. मग अख्खा उतार खाली गेला.

पुढचं सगळं मी कोर्समधल्यासारखं केलं. एकशे बाराला फोन. गाडल्या गेलेल्याचा सिग्नल पकडणारा बीपर दोघांच्याही अंगावर होता; माझा शोधावर लावला, अंतराचा आकडा उतरत गेला तिकडे धावलो, लांब सळई खुपसत राहिलो, एका ठिकाणी तिला खाली मऊ लागलं. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा होता. मी एकटा फावड्याने खणत होतो आणि मोठमोठ्याने रडत होतो. चेहरा मोकळा झाला तेव्हा तो निळा पडला होता. हेलिकॉप्टर येईपर्यंत मी छाती दाबत राहिलो. शेवटी बचाव पथकातल्या एकाने माझे हात धरून बाजूला केले.

पुण्याहून घरचे सगळे आले. जो तो नशिबाला बोल लावत होता, आणि मी हलकटासारखा मान डोलवत होतो. ते परत गेले त्या दुपारी ताई स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली.

“तुला कळत होतं ना रे?”

मग मी सांगितलं. तो आवाज, मी काय बोललो, काय गिळलं, त्यांना पुढे कसं घातलं, सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“भांडायचं होतंस त्यांच्याशी,” ती म्हणाली. “चार दिवस रुसून बसले असते. मी काढली असती समजूत.”