विनयच्या गाण्यातला माझा आवाज

आमच्या मुरबे गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण डोकं ठिकाणावर आहे. तरी खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या.

माझा भाचा विनय बोईसरला कारखान्यात आहे. घरी कॉम्प्युटरवर नाचायची गाणी बनवतो. आमच्याकडे हळदीला गावं तर मीच, म्हणून त्याने मला बोलावलं. कपाटाएवढी खोली, भिंतींना फोम, दार बंद, पंखासुद्धा नाही. घामाने भिजलो, पण गायलो. गाणं सगळ्यांच्या मोबाईलवर आलं... त्यावर विनयच्या शेजारी माझं नाव.

आठवड्याने भरदुपारी ओट्यावर बोलता बोलता माझा आवाज गेला. तोंड हलतंय, आवाज नाही. आणि मी परत त्याच खोलीत — तोच फोमचा वास, तोच उकाडा. तीन-चार मिनिटांनी सुटलो. मग हे रोजचंच झालं. पालघरच्या डॉक्टरला घशात काही सापडलं नाही. शोध लावला माझी नात प्राचीने. तिने मोबाईलवर ते गाणं लावलं — मी मुका. थांबवलं — बोलता. पाच वेळा करून बघितलं. फोन करून तिकडे वाणगावला कुणाला तरी लावायला सांगितलं, तरी इथे तेच!

विनय घाबरला. म्हणाला, "मामा, काढून टाकतो गाणं."

"माझं नाव हाय त्याच्यावर. काढायचं नाय."

प्राचीचं लग्न ठरलं होतं. तिने विचारलं, माझ्या हळदीला कोण गाणार मग? म्हटलं, मी गाईन, त्यात काय.

लग्नसराईत गाणं जोरात चाललं. तिच्या हळदीला मंडपात उभा राहिलो, तोंड उघडलं... काही नाही. समोर माणसं दिसत होती, पण अंगाभोवती ती खोली. एकीकडे संपलं की दुसरीकडे वाजत असणार. अर्धा तास गेला. "म्हातारा रुसला," कुणीतरी म्हणालं. पाटावर हळद लावून बसलेली प्राची माझ्याकडे नुसती बघत होती. शेवटी तीच विनयला म्हणाली, "काका, लाव ते गाणं. आज्याचा आवाज तरी असू दे."

सगळे नाचले. मी मधोमध कोंडलेला, माझंच गाणं ऐकत. चांगलं गायलोय, हे मात्र खरं.

असं का होतं, मला आजही सांगता येत नाही. विनय अजून विचारतो, मामा, काढू का? तेव्हा बहुतेक आवाज नसतोच... मी मान हलवून नाही म्हणतो.