आईसाठी आणलेला लॅब्राडोराइट

माझे बाबा चिंचणीत डाय कोरायचे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीनं दागिन्याची उलटी नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर सोन्याचा पत्रा दाबून कुड्या नाहीतर पदकं काढायचे. त्यांच्या नक्षीचे दागिने कुठकुठल्या बायकांच्या अंगावर गेले, आईच्या अंगावर मात्र त्यांच्या हातचं काहीच नव्हतं. तिनं कधी मागितलंही नाही.

मी कुंभवलीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. गेल्या वर्षी पालघरच्या एका प्रदर्शनात खडे विकणाऱ्यानं माझ्या तळहातावर एक दगड ठेवला. ओल्या पाटीसारखा काळपट. मला तो आवडला नाही. मग त्यानं हात जरा कलता करायला सांगितलं, आणि आतून एकदम निळा उजेड आला, मोराच्या मानेसारखा, कडेला सोनेरी हिरवा. आणखी कलवलं तर पुन्हा नुसता दगड. हा लॅब्राडोराइट, फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या जातीचा, असं त्यानं हिंदीत समजावलं. रंग दगडाला नसतो. आतल्या फार पातळ थरांवरून उजेड परततो, म्हणून दिसतो. जपून वापरा, दाब पडला तर सरळ चिरतो, हेही तो बोलला होता.

मी तो आईसाठी विकत घेऊन घरी आणला, पण एवढं शेवटचं बाबांना सांगायला विसरले.

बाबा संध्याकाळभर खिडकीत तो दगड फिरवत बसले. आईनं दोनदा जेवायला बोलावलं, मग वैतागून स्वतःच आली. त्यांनी दगड तिच्या हातात दिला. असल्या काळ्या खड्याचं मी काय करू, असं म्हणत ती हसली, आणि भात गार होईपर्यंत तीच तो फिरवत राहिली. त्याच दिवशी बाबांनी ठरवलं, तिच्यासाठी चांदीचं पदक करायचं, सगळं स्वतःच्या हातानं.

पदक अर्धं झालं असताना आईची किडनी बिघडली. तिला बोईसरला दवाखान्यात ठेवलं. बाबा सकाळी तिच्यापाशी बसत आणि दुपारी घरी येऊन काम करत. दगड पदकात पक्का बसावा म्हणून चांदीचा काठ त्यावर दाबताना तो मधोमध चिरला. मी कामावरून आले तेव्हा दोन तुकडे रुमालावर होते आणि बाबा तिथेच जमिनीवर बसले होते. विक्रेत्याचं बोलणं मला तेव्हा आठवलं. आजही ते त्यांना सांगायचं धाडस झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "झालं का ते?"

"होत आलंय," बाबा म्हणाले. "चकाकी द्यायची राहिली हाय."

"निळं दिसंल असा बसवा. मी वळले की दिसला पाहिजे."

त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी आई गेली.

दोनेक महिन्यांनी मी तसलाच दुसरा दगड मागवला. पहिल्यापेक्षा निळा होता. बाबांनी तो एकदाच कलवून पाहिला आणि परत दिला.

"मरायला टेकली होती ती," ते म्हणाले, "आणि मी तिच्याशी खोटं बोललो."

मी म्हटलं, त्या खोट्यानं ती समाधानात गेली. त्यांनी हत्यारांची पेटी शेजारच्या कारागिराला देऊन टाकली होती, हे मला त्यानंतर कळलं.