उशीखालचा हिरा

सोनारानं सासूबाईंच्या कुडीतला मधला हिरा चिमट्यानं उचलून कागदावर ठेवला, तेव्हा मला तो ओळखूच येईना. मुलाच्या साखरपुड्याची अंगठी त्याची करायची होती. इतकी वर्षं कानाशी बसून यानं घरातलं काय काय ऐकलं असेल आणि आता बोटावर बसून काय काय बघेल, याचंच मला कुतूहल.

आमच्याकडे हिरा घालण्याआधी एक रात्र उशीखाली ठेवतात. स्वप्न चांगलं पडलं, तर तो लाभतो म्हणे. होणारी सून मुग्धा म्हणाली, "काकू, द्या ना, मीच ठेवते."

सकाळी चहासुद्धा न घेता मी तिला फोन लावला. "काय गं, काय दिसलं स्वप्नात?"

"स्वप्न कुठलं, काकू! झोपच लागली नाही. हरवेल म्हणून रात्रभर उशीखाली चाचपत होते."

मला सासूबाई आठवल्या. लग्नाच्या गर्दीत, बसमध्ये, अगदी देवासमोर हात जोडतानाही त्यांचा एक हात मधूनच कानाकडे जायचा, कुडी जागेवर आहे ना ते बघायला.

"मग लाभला गं तुला," मी म्हणाले.