सहामाहीत पहिली आली बापाची दाढ

माझा दवाखाना दातांचा आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून कौसल्याचं कॅसेटचं दुकान. ज्याला आयुष्यभर लोकांच्या दाढा काढायच्या आहेत त्यानं असल्या शेजारात दवाखाना टाकू नये. पुसदमध्ये तेव्हा जागा मिळत होती. पण माझ्या वडिलांनी घेताना जागेचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेवढं पाहिलं, शेजारच्या दारावर टांगलेला भोंगा काही त्यांना दिसला नाही.

तो भोंगा कौसल्याच्या वडिलांचा, भीमराजचा. ते लग्नाकार्याला, जयंतीला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. ते गेल्यावर कौसल्यानं भोंगा दारावर चढवला, आत कॅसेटी मांडल्या आणि 'कॅसेट भरून मिळेल' अशी पाटी लावली. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "घरात दोन आवाज झाले तं मले गाणं कसं आयकू येईन?"

बाईला एक खूळ होतं. दरवर्षी जून संपला की दुकानाबाहेर शाळेतला असतो तसा काळा फळा लागायचा. वर ठळक अक्षरात 'सहामाहीचा निकाल'. जानेवारीपासून तिनं ऐकलेल्या आणि तिला आवडलेल्या कॅसेटी त्यावर नंबरवार लिहिलेल्या असत. सिनेमाच्या एकदम बाद. फक्त 'बिनकंपनीच्या'. हा शब्द तिचाच. म्हणजे कुठल्या कंपनीनं न काढलेल्या, चार पोरांनी खोलीत बसून स्वतः भरलेल्या. त्यातही गिटार आणि ड्रम पाहिजेत, कारण बाईला रॉकचं वेड. इंजिनिअरिंगची होस्टेलवरची पोरं नागपूरहून, पुण्याहून, पार शिलाँगहून असला माल आणायची आणि हिच्याकडे टाकून जायची. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नसे. "रागावलेला मानूस कोन्त्याही भाषेत समजते," म्हणायची.

नंबरापुढे शेरे असत. 'शिलाँगची पोरं: ड्रमवाल्याला शाबासकी. गाणारा नाकात गातो. पास.' 'नागपूरची चौकडी: अर्धी कॅसेट जोरात, मग झोपले. काठावर पास.' चहा पिता पिता लोक ते वाचत, हसत आणि शेऱ्यावरून वादही घालत. मी एकदा विचारलं, सहामाहीच का, वार्षिक निकाल का नाही? तर म्हणाली, "जुलैपासून गनपती, देवीच्या आरत्या भराव्या लागते, डॉक्टर. सहा महिने माहे, सहा महिने देवाचे."

आता दाढेकडे येतो.

ती वर्षं अशी होती की आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा कॅमेरे जास्त दिसायचे. कॅमेरेवाले यायचे, तोंड पाडलेला माणूस शोधायचे आणि संध्याकाळच्या आत परत जायचे. कापसाचे हाल खोटे नव्हते. पण आमच्याकडे माणसं हसतात, भांडतात, त्यांच्या दाढा दुखतात, हे काही त्यांच्या कामाचं नव्हतं.

२००६ चा जानेवारी. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा सेवादास राठोड दाढ दुखते म्हणून माझ्याकडे आला. मी जेवायला गेलो होतो. तो बिचारा पायरीवर गालाला हात लावून, डोळे मिटून बसला. तेवढ्यात एका चॅनेलची गाडी आली आणि त्यांनी त्याला टिपलं. मागे माझी पाटी होती, 'दंत चिकित्सालय', चांगली लाल अक्षरात. ती चित्रातून कापली. दोन दिवसांनी टीव्हीवर सेवादास दिसला आणि मागे बासरी वाजत होती. खाली लिहिलं होतं, 'खचलेला शेतकरी'. नेरहून त्याची बहीण एसटीनं रडत रडत तांड्यावर पोचली, तेव्हा हा सुजलेला गाल सांभाळत अंगणात भाकर कुस्करून खात होता. माझं डोकं फिरलं होतं. माझ्या पायरीवर बसलेल्या माझ्या पेशंटला माझ्याच पाटीपासून तोडणारे हे कोण?

माझ्यापेक्षा जास्त डोकं फिरलं त्याच्या मुलीचं. ममता तेव्हा पुसदला कॉलेजात होती आणि गायची. वर्गातला रोशन गिटार वाजवायचा, आणखी एक मित्र ड्रम बडवायचा. बँडचं नाव त्यांनी ठेवलं 'लाल्या'. कपाशीची पानं लाल पाडणारा तोच रोग. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्यांनी कॅसेट भरली आणि तिचं नाव ठेवलं 'बापाची दाढ'. पहिलंच गाणं सुरू व्हायचं, "दाढ दुखते बापाची, बासरी कायले वाजवता?" आणि मग असा धिंगाणा, की माझ्या खुर्चीतला पेशंट तोंड मिटून उठून बसायचा. शेवटी मात्र एक संथ गाणं होतं. उन्हं कलल्यावर बा घरी येतो, एवढंच त्यात.

त्या जूनच्या निकालात 'बापाची दाढ' पहिली आली. शेरा: 'कोणीच झोपलं नाही. पहिला नंबर.'

फळा लागून आठवडाही झाला नसेल, तोच तो बासरीवाला चॅनेलचा माणूस पुन्हा आला. त्यानं फळा वाचला, कॅसेट ऐकली आणि ममताला बोलावून घेतलं. म्हणाला, "तुझा आवाज सगळ्या देशाला ऐकवू. फक्त ते शेवटचं गाणं घेऊ. गिटार नको, ड्रम नको. नुसता आवाज. आणि बाबांना तसंच पायरीवर बसवू."

त्याला दाढेचं सांगून झालं होतं. मी सांगितलं, कौसल्यानं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "हो, पण लोकांपर्यंत दुःख पोचलं पाहिजे ना."

ममता म्हणाली, करते. कौसल्या भडकली. "तुहं गानं कापून देतं त्याले? रोशननं काय घोडं मारलं?"

"मावशी, फळ्यावरचा पयला नंबर चहाच्या टपरीपलीकडं कोनाले ठाऊक हाये?" ममता म्हणाली. "मले जाऊ द्या ना बाहेर. एक डाव तरी कोनी आयकू द्या."

एक फळा आणि एक भोंगा, याखेरीज कौसल्याजवळ पोरीला द्यायला काय होतं? मला तिची फार कीव आली, आणि त्या माणसाचा संताप आला तो वेगळाच. कौसल्यानं भोंग्याच्या मशीनमध्ये 'बापाची दाढ' घातली, बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तुही मर्जी. तू सांगशीन तवाच लावीन. नाई तं नाई."

दुसऱ्या दिवशी चॅनेलवाल्यांनी गल्ली गप्प केली. टपरीवाल्याला स्टोव्ह बंद करायला लावला. सेवादासला माझ्या पायरीवर बसवलं. ममता शेजारी उभी राहिली. रोशन आणि ड्रमवाला समोरच्या गर्दीत, परक्यासारखे.

"काका, मागच्या वेळेसारखा गालाला हात लावा," तो माणूस म्हणाला.

सेवादासनं भाबडेपणानं लावला. उजव्या गालाला.

"डावी!" मी खिडकीतून ओरडलो. "दाढ डावी होती!"

"अहो, कुठलाही गाल चालेल," तो म्हणाला. "सुरू कर, बाळ."

ममतानं तोंड उघडलं. पहिली ओळ अर्धी गायली आणि थांबली. बापाकडे पाहिलं. तो दुखत नसलेला गाल धरून, सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून बसला होता.

"कुठलाही चालते?" तिनं त्या माणसाला विचारलं. मग मान वळवली. "मावशी, लावा."

कौसल्यानं लावलं. भीमराजच्या भोंग्यानं इतक्या वर्षांत असा आवाज काढला नसेल. दाढ दुखते बापाची! रोशन गर्दीतून धावत पुढे आला, ममता भोंग्याच्या वर आवाज चढवून गायला लागली, आणि चॅनेलचा माणूस हातवारे करत राहिला, बंद करा, बंद करा. सेवादासनं डोळे उघडले. उठला, कॅमेऱ्याच्या पुढ्यात गेला, बोटानं डावा गाल ओढून तोंड फाकलं आणि आतली रिकामी जागा दाखवली.

"दाढ काढली! ह्या डॉक्टरनं काढली! त्याची पाटी दाखवा!"

त्यातलं काहीही टीव्हीवर आलं नाही. मी आठवडाभर बातम्या पाहिल्या, माझ्या पाटीसाठी. ममता त्या संध्याकाळी कौसल्याच्या दुकानात बसून खूप रडली. देश हातातून गेला होता आणि ते खोटं खोटं समजावून घालवण्यासारखं दुःख नव्हतं. कौसल्यानं समजावलं नाही. तिनं पाणी दिलं, ओल्या फडक्यानं जुना शेरा पुसला आणि नवा लिहिला: 'बापाची दाढ. टीव्हीत नापास. आमच्यात पहिला नंबर.'

मग गणपती आले. मंडळाची माणसं आरत्यांच्या कॅसेटी भरून घ्यायला आली, तरी फळा तिथंच आणि भोंग्यावर गाणंही तेच. मंडळाचे अध्यक्ष चिडले. "कौसल्याबाई, सहा महिने देवाचे ना?"

"देव थांबतीन," कौसल्या म्हणाली. "पोरीचं अजून वाजून राह्यलं."