फ्रेंच किल्ले आणि तोआ पायोहचं शेल्टर

सासरे आमच्याकडे सिंगापूरला राहायला आले तेव्हा त्यांच्या दोन बॅगांपैकी एकीत फक्त पुस्तकं होती. सासूबाई जाऊन वर्ष व्हायचं होतं. पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला आणि नवरा त्यांना घेऊन आला. मला म्हणाला, "बाबांना आता एकटं ठेवता येणार नाही." मी हो म्हणाले. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. त्यांचा खरा विषय मात्र मध्ययुगातली फ्रेंच सरदार घराणी आणि त्यांचे किल्ले. पश्चिम फ्रान्समधल्या एका लहानशा घराण्यावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. फ्रान्स त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आधी जमलं नाही, पुढे गुडघे गेले.

तोआ पायोहमधला आमचा भाड्याचा फ्लॅट लहान. इथल्या नव्या सरकारी इमारतींत प्रत्येक घरात एक बॉम्ब शेल्टर असतं. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, लोखंडी जड दार. सगळे ती खोली अडगळीला वापरतात. बाबांनी तिथं तांदळाच्या पोत्याशेजारी टेबल लावलं आणि तीच आपली अभ्यासिका केली. त्या भिंतींना खिळा ठोकायला मनाई, म्हणून घराण्याची वंशावळ आणि किल्ल्याचा नकाशा त्यांनी चिकटपट्टीनं लावले. लेक शाळेतून आली की तिला हाक मारत.

"हा बघ मनोरा. खालच्या मजल्याला दारच नाही. लाकडी जिन्यानं वर जायचं, आणि शत्रू आला की जिना काढून घ्यायचा."

"Then how they go out ah?" ती विचारायची.

"नाही जायचं बाहेर," बाबा खुशीत म्हणायचे.

मला मात्र त्या खोलीचा राग यायला लागला होता. पुण्यात मी बँकेत होते. इथं मी नवऱ्याच्या कामाच्या पासला, म्हणजे व्हिसाला, जोडलेल्या पासवर; नोकरी करायची तर एखाद्या कंपनीनं वेगळी परवानगी काढून द्यायला हवी, आणि तशी कुणी देत नव्हतं. त्यात बाबा एकदा बाथरूममध्ये घसरले. तेव्हापासून त्यांना सोडून मी भाजी आणण्यापलीकडे कुठं गेले नाही. नवरा सकाळी जुरोंग ईस्टला ऑफिसला जायचा. मग दिवसभर घरात आम्ही दोघं, एकमेकांशी जेवणाखाण्यापुरतं बोलणारे.

एका सकाळी गॅसवर डाळीचा कुकर चढवून मी तांदूळ घ्यायला शेल्टरमध्ये गेले. वरच्या मजल्यावर काम चाललं होतं, ड्रिलच्या आवाजानं डोकं उठलं होतं.

"दार जरा लोटतेस का? काही सुचत नाही," बाबा म्हणाले.

मी दार ओढलं. ते बसलं, आणि परत उघडेना. आतला दांडा नुसता गरगर फिरायला लागला. मी खांदा लावला, लाथा मारल्या. फोन ओट्यावर होता. बाबांचा खिशात होता, पण त्या भिंतींतून रेंज येत नाही.

"कुकर आहे गॅसवर," मी म्हणाले.

भिंतीतल्या हवेच्या झडपेतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. पुढे त्या थांबल्या, फुस्सकन मोठा आवाज झाला आणि थोड्या वेळानं करपल्याचा वास येऊ लागला. बाहेरच्या लोखंडी गेटला मीच आतून कुलूप लावलं होतं, बाबा एकटे बाहेर पडू नयेत म्हणून. मी ओरडत राहिले. घसा बसला तेव्हा पोत्यावर बसले आणि रडू आलं. बाबांनी माझी ओढणी मागून घेतली, धूर आत येऊ नये म्हणून घडी करून झडपेत कोंबली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. आणि ते किल्ल्याचंच बोलू लागले.

"या घराण्यात एक बाई होती. बापाला मुलगा नव्हता, म्हणून किल्ला तिच्याकडे आला, आणि तिच्याबरोबर नवऱ्याकडे गेला. नवरा लढाईवर असताना दीर माणसं घेऊन चालून आला. हिनं दरवाजे लावून घेतले आणि किल्ला लढवला."

"मग?"

"विहिरीचं पाणी नासलं. दार उघडावं लागलं. दिरानं तिला मारलं नाही. तिच्याच किल्ल्यात एक खोली दिली. पुढे त्यानं मठाला जमीन दिल्याची दानपत्रं आहेत, त्या प्रत्येकात लिहिलंय, हिच्या संमतीनं."

"तिला कुणी विचारलं असेल का?"

"नसेल," ते म्हणाले. मग वंशावळीकडे बघतच म्हणाले, "मला इथं यायचं नव्हतं गं. पुण्यात माझं बरं चाललं होतं. पण तो म्हणाला, ती दिवसभर एकटी असते, तिला सोबत हवी."

मला आधी नीट कळलंच नाही. "कोण म्हणालं?"

"हाच. तुझा नवरा."

"मला म्हणाला, तुम्हाला एकटं ठेवता येणार नाही. मी घरी राहते ती तुमच्यासाठी, बाबा."

"आणि मी आलो ते तुझ्यासाठी."

मला इतका संताप आला की धुराची भीतीसुद्धा विसरले. मी बाबांचे हात धरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नमस्कारापलीकडे त्यांना मी कधी हात लावला नव्हता.

शेजारच्या चिनी आंटीला धूर दिसला आणि तिनं फोन केला, म्हणून सुटलो. अग्निशमनवाल्यांनी गेटचं कुलूप कापलं, गॅस बंद केला आणि शेल्टरचं दार बाहेरून उघडलं. स्वयंपाकघराची भिंत काळी झाली होती. डाळीचा कोळसा झाला होता.

नवरा टॅक्सीनं धावत आला. आम्हाला धडधाकट बघून सोफ्यावर बसला आणि रडायलाच लागला. त्याला पाणी दिलं, मग दोघांना वेगवेगळं का सांगितलंस, असं मी विचारलं. तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "मी दोघांचंही भलंच बघितलं ना?" ते खोटं नव्हतं.

"मला पुण्याला जायचंय. तिकीट काढ," बाबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता.

पुण्याच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूंचा करार अजून संपायचाय. मी नोकरीसाठी अर्ज करतेय, नकार येताहेत. पण आता रोज सकाळी बाबांचा हात धरून मी खाली उतरते. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत म्हातारे चिनी बाप्ये पट मांडून खेळत असतात. बाबा त्यांच्याजवळ उभे राहतात आणि मी बाजारात चक्कर मारून येते. परत वर जाताना लिफ्टमध्ये ते रोज विचारतात, "काही कळलं का?" भाडेकरूंचं विचारतात की माझ्या नोकरीचं, ते मी त्यांना विचारलेलं नाही. "अजून नाही," म्हणते.

तिकीट अजून काढलेलं नाही.