पिठल्यातली गुठळी

आई पिठलं करतेय. उकळत्या पाण्यात एका हाताने बेसन भुरभुरायचं, दुसऱ्याने डाव फिरवत राहायचं. "हात थांबला की गुठळी झालीच," हे तिचं नेहमीचं वाक्य.

सकाळी डॉक्टर तिच्या मेंदूबद्दल जवळजवळ तेच बोलले. तिथली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होताहेत. औषधाने नव्या गुठळ्या शक्य तितक्या रोखायच्या. विसरलेलं परत येईलच असं नाही. म्हणून आता मी तिच्या डाव फिरवणाऱ्या मनगटाकडेच बघतेय.

"मीठ घातलं का गं मी?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"घातलंस, आई."

ती आठवायला म्हणून थांबली. डावही थांबला. मी घाईघाईने तो तिच्या हातातून घेतला आणि ढवळतच राहिले.